कणीस, कडबा आणि गोठा : शेती-संशोधनाच्या अग्रक्रमाचा विचार

माघ-फाल्गुनात सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, जत या भागातून जाणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. शाळू उपटून शेतात आडवा पडलेला असतो. कणसे खुडून खळ्याकडे चाललेली असतात आणि मागे राहिलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधून गंजी रचण्याचे काम घरातील कर्ता माणूस स्वतः जातीने करीत असतो. बाहेरगावचा पाहुणा त्यास विचारतो, "यंदा पोती किती झाली?" शेजारच्या बांधावरचा शेतकरी मात्र विचारतो, "कडबा किती शेकडे निघाला?" पहिल्या प्रश्नात माणसांच्या पोटाची चौकशी आहे, तर दुसऱ्यात गोठ्याची. कोरडवाहू शेतकऱ्याच्या संसारात या दोन्ही प्रश्नांचे वजन जवळजवळ सारखेच असते. कारण धान्य कमी पडले तर ते बाजारातून पाठीवर आणता येते, परंतु वैरण संपली म्हणजे दावणीचे जनावरच बाजाराकडे न्यावे लागते.

सरकारी शेती-संशोधनाने या दोन प्रश्नांपैकी पहिला दीर्घकाळ मोठ्या आवाजात विचारला आणि दुसरा हळू आवाजात. तसे का घडले, त्यातून काय मिळाले, काय राहून गेले आणि यापुढे संशोधनाचा अग्रक्रम कसा असावा, याचा विचार प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी जितका करावयास हवा तितकाच तो गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणि शेतकरी बंधूंनीही करावयास हवा. संशोधनासाठी खर्ची पडणारा पैसा सार्वजनिक आहे, आणि त्याचे फळ किंवा निष्फळता अखेर शेतातच उगवते.

संशोधनाचा पाया

आपल्या देशात शेती व पशुधन यांच्या संशोधनाचा आरंभ एकाच वेळी आणि एकाच हेतूने झालेला नाही. पशुधनाचे संशोधन आधी सुरू झाले, आणि तेही पुण्यात. 1889 साली पुणे येथे जनावरांच्या साथीच्या रोगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा स्थापन झाली. पुढे 1893 मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. पिकांच्या संशोधनासाठी 1905 मध्ये बिहारमधील पुसा येथे संस्था निघाली. 1934 च्या भूकंपात तिची इमारत पडल्यावर 1936 मध्ये ती दिल्लीस आली. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेती आयोगाने 1928 मध्ये अहवाल दिला आणि त्याच्या शिफारशीवरून 1929 साली कृषी संशोधन परिषद अस्तित्वात आली. शेती आणि पशुधन या दोन्ही विषयांचे संशोधन एका छत्राखाली आणावे, हा त्या परिषदेमागील विचार होता.

कोरडवाहू शेतीच्या संशोधनात तर महाराष्ट्राचा मान पहिला आहे. 1923 साली पुण्याजवळ मांजरी येथे जिरायती शेतीचे प्रयोग सुरू झाले. 1933 नंतर सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक या पाच ठिकाणी कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे उघडण्यात आली. पावसाचे पाणी शेतातच कसे मुरवावे, नांगरट किती खोल करावी, दोन ओळींत अंतर किती ठेवावे, या प्रश्नांचा पद्धतशीर शोध तेथे घेतला गेला. याच सुमारास, 1930 च्या दशकात, सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक शाळूतून निवड करून मालदांडी 35-1 हा वाण काढण्यात आला. त्यानंतर कितीएक वाण आले आणि गेले. मालदांडी मात्र आजही शेतात उभी आहे. शुभ्र, टपोरा दाणा, भाकरीची चव आणि जनावरांनी आवडीने खाल्लेला कडबा, हे तिन्ही गुण तिच्यात एकत्र आहेत. संशोधकाने शेतकऱ्याच्या शेतातून बी उचलले, ते पारखले, शुद्ध केले आणि पुन्हा त्याच्याच ओटीत घातले, असे हे उदाहरण आहे.

धान्याचा अग्रक्रम तेव्हा योग्यच होता

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत देशापुढे धान्यटंचाईचा प्रश्न उभा होता. 1965-66 आणि 1966-67 ही लागोपाठ दोन वर्षे दुष्काळाची गेली. 1966 साली सुमारे एक कोटी टन धान्य परदेशातून आणावे लागले. अशा वेळी संशोधनाने कणसाकडेच पाहिले, तर त्यास दोष देता येणार नाही. घरात दाणा नसताना वैरणीच्या पचनीयतेची चर्चा करणे कोणासही शोभले नसते. 1964 मध्ये सीएसएच-1 हा संकरित ज्वारीचा पहिला वाण आला, 1965 मध्ये एचबी-1 ही संकरित बाजरी आली आणि 1970 मध्ये सुरत येथे संकर-4 हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस निघाला. खरिपाच्या ज्वारीचे एकरी उत्पादन वाढले आणि पीक लवकर हाती येऊ लागले. टंचाईच्या काळात या वाणांनी केलेली कामगिरी विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तथापि औषध लागू पडले म्हणून ते जन्मभर त्याच मात्रेत घेत राहावे, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. टंचाईच्या वर्षांत ठरलेला अग्रक्रम टंचाई ओसरल्यावरही तसाच चालू राहिला, तर तो अग्रक्रम न राहता केवळ सवय बनतो.

कडब्याने शिकविलेला धडा

संकरित ज्वारी खरिपात रुजली, परंतु रब्बीत तिला तसे यश लाभले नाही. शेतकरी जुन्या मताचा आहे, नवे स्वीकारीत नाही, असा आक्षेप त्या काळी वारंवार घेतला जाई. प्रत्यक्षात शेतकऱ्याचा हिशेब पक्का होता. ठेंगण्या वाणाचा दाणा अधिक भरला तरी ताट आखूड राही. खरिपाच्या ज्वारीवर काढणीच्या वेळी पाऊस आला की दाणा काळा पडे आणि त्यास भाव मिळत नसे. रब्बीत तर पेरणीनंतर पावसाचा भरवसाच नसतो. जमिनीत साठलेल्या ओलीवर पीक काढावयाचे असते. अशा स्थितीत दाणा आणि कडबा या दोन्ही बाजू सांभाळणारा वाण सोडून एकाच बाजूवर सारे काही पणास लावणे त्यास परवडणारे नव्हते.

संशोधकांच्या हे ध्यानात आले आणि पुढील काळात दिशा बदलली, हेही नमूद केले पाहिजे. ज्वारीच्या अखिल भारतीय समन्वित चाचण्यांत दाण्याबरोबर कडब्याचे उत्पादनही पाहिले जाऊ लागले. हैदराबादच्या कडबा बाजाराचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा एक लक्षणीय गोष्ट आढळली. कडब्याच्या पचनीयतेत अवघ्या चार-पाच टक्क्यांचा फरक असला तरी व्यापारी त्यास वेगळा भाव देतात. प्रयोगशाळेत यंत्राने मोजावयाचा गुण व्यापारी नजरेने व हाताच्या स्पर्शाने ओळखत होता. गवळी आणि शेतकरी तर तो पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आले आहेत.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीत केलेले काम या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. एकच वाण सर्व जमिनींस न देता जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण देण्याचे धोरण तेथे स्वीकारले गेले. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा व फुले रेवती अशी ही विभागणी आहे. त्याच्या जोडीस पावसाळ्यात शेतात बंदिस्त वाफे करून पाणी मुरविणे, 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळात पेरणी करणे, काणी रोगासाठी बियाण्यास किलोमागे 4 ग्रॅम गंधक चोळणे, अशा अल्पखर्ची शिफारशी देण्यात आल्या. यांतील एकाही गोष्टीस मोठे भांडवल लागत नाही. शेतकऱ्याच्या परिस्थितीपासून आरंभ केला म्हणजे संशोधन कोणत्या वळणाने जाते, हे यावरून दिसते. खेद एवढाच की अशी उदाहरणे नियम न होता अपवादासारखी भासतात.

एकाच आईची लेकरे

उत्पन्नवाढीस पहिला मान देताना राखणीच्या संशोधनाकडे दुर्लक्ष झाले, तर त्याची किंमत काय पडते हे बाजरीने दाखवून दिले. संकरित बाजरीचे आरंभीचे सर्व वाण टिफ्ट 23-ए या एकाच मादी वाणापासून तयार केलेले होते. अमेरिकेतून आलेला हा वाण गोसावी रोगास सहज बळी पडणारा होता. 1970 नंतरच्या काही वर्षांत गोसावीची साथ पसरली आणि शेतेच्या शेते कणसाऐवजी पानांचे झुबके दाखवू लागली. साऱ्या लेकरांची आई एक असली म्हणजे आईचा रोग साऱ्यांस होतो, हा धडा देशाने मोठ्या नुकसानीतून घेतला. पुढे रोगप्रतिकारक आणि विविध मूळांचे वाण आले. धुळे येथील संशोधन केंद्राच्या सहकार्याने निघालेली आणि दाण्यात लोहाचे प्रमाण अधिक असलेली धनशक्ती बाजरी 2012 मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाली, हे त्याच वाटेवरील पुढचे पाऊल होय.

कापसातही गोष्ट तीच घडली. बीटी कापसास 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि बोंडअळीचा उपद्रव काही वर्षे ओसरला. परंतु गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती मिळविली आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांना तिने मोठा तडाखा दिला. कीड आणि रोग कधीही स्वस्थ बसत नाहीत. म्हणून मिळविलेले राखणे हेदेखील संशोधनाचेच काम आहे. नवा वाण काढणाऱ्याचा सत्कार होतो. जुन्या वाणावर येणाऱ्या रोगावर वर्षानुवर्षे पाळत ठेवणाऱ्याचे नावही कोणास ठाऊक नसते. अग्रक्रम ठरविताना या दुसऱ्या माणसाची आठवण ठेवणे आवश्यक आहे. मर आणि वांझ या दोन्ही रोगांस तोंड देणारे तुरीचे वाण बदनापूरच्या केंद्राने दिले. त्यामागे असेच शांतपणे आणि चिकाटीने चाललेले काम होते.

बुळकांडीचा विजय

पशुधन-संशोधनाचा खर्च हा दुय्यम खर्च आहे, असे मानणाऱ्यांनी बुळकांडीचा इतिहास पाहावा. एके काळी या रोगाने गावोगावचे गोठे रिकामे होत. बैल मेले की नांगर थांबे, नांगर थांबला की शेत पड राही आणि शेत पड राहिले की घर उपाशी राही. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत 1920 च्या दशकात शेळीच्या शरीरात वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार झाली. 1954 पासून राष्ट्रव्यापी लसीकरणाची मोहीम हाती घेण्यात आली. 1995 नंतर देशात या रोगाची नोंद झाली नाही. 2006 मध्ये भारत बुळकांडीमुक्त झाल्याचे आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य झाले आणि 2011 मध्ये साऱ्या जगातून हा रोग नाहीसा झाल्याची घोषणा झाली. माणसाच्या देवीनंतर समूळ नाहीसा झालेला हा दुसराच रोग होय.

या विजयात प्रयोगशाळेचा वाटा होता, तसाच पायी हिंडून लस टोचणाऱ्या कर्मचाऱ्याचाही होता. परंतु त्यास किती वर्षे लागली हेही ध्यानात घ्यावे. पुण्याच्या प्रयोगशाळेपासून देश रोगमुक्त होईपर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली. जे संशोधन तीन वर्षांच्या योजनेत बसत नाही, ते निरुपयोगी ठरवून बंद करणाऱ्यांनी बुळकांडीचा हा हिशेब एकवार करून पाहावा.

2022 साली लंपी चर्मरोगाने राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र या राज्यांत धुमाकूळ घातला, तेव्हा आरंभी शेळ्यांच्या देवीची लस वापरून गायींचा बचाव करावा लागला. हिसार व इज्जतनगर येथील शास्त्रज्ञांनी स्वदेशी लस तयार केल्याचे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झाले. हे काम इतक्या लवकर होऊ शकले याचे कारण असे की, 2019 मध्ये ओडिशात हा रोग प्रथम आढळला, तेव्हापासून त्यावर अभ्यास चालू होता. घर पेटल्यावर विहीर खणता येत नाही. विहीर आधीच खणलेली असावी लागते.

गाय एकीकडे, वैरण दुसरीकडे

शेतकऱ्याच्या घरी शेत आणि गोठा यांच्यामध्ये भिंत नसते. शेतातला कडबा गोठ्यात जातो, गोठ्यातले शेणखत शेतात जाते, बैल पेरणी करतो आणि शेळी अडीनडीला रोख पैसा देते. सरकारी व्यवस्थेत मात्र अशी भिंत उभी राहिली आहे. पीक एका खात्याचे आणि जनावर दुसऱ्याचे. सन 2000 मध्ये नागपूर येथे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि पशुवैद्यकीय महाविद्यालये तिकडे गेली. पशुवैद्यकास स्वतःचे विद्यापीठ मिळाले ही गोष्ट स्वागतार्हच होती. राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथील कृषी विद्यापीठांत पशुसंवर्धन व दुग्धशास्त्राचे विभाग राहिले, आणि राहुरीस गीर, जर्सी व होल्स्टिन यांच्या संकरातून फुले त्रिवेणी गाय तयार झाली, हेही खरे. परंतु गाय एका विद्यापीठाची आणि तिची वैरण दुसऱ्याची, अशी स्थिती निर्माण झाली की मधला प्रश्न कोणाचाच राहत नाही. कडब्याची कुट्टी करून त्यावर कोणती प्रक्रिया केली असता दूध किती वाढेल, आंतरपीक म्हणून कोणते कडधान्य घेतले असता दाणा न घटता चारा मिळेल, बांधावर कोणती झाडे लावावीत, हे सर्व प्रश्न या मधल्या जागेत पडून आहेत.

राष्ट्रीय हिशेबात शेती व संलग्न क्षेत्रांच्या मूल्यवृद्धीत पशुधनाचा वाटा 2022-23 मध्ये सुमारे 30 टक्क्यांवर पोचला. कोरडवाहू भागातील लहान शेतकऱ्याच्या घरी वाईट वर्षी तर दूध आणि शेळी यांच्यावरच संसार तरतो. अशा स्थितीत चारा हा संशोधनातील उपविषय राहावा हे योग्य नव्हे. 2012-13 च्या दुष्काळात सातारा, सांगली, सोलापूर, बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या. ज्या उसास अमाप पाणी लागते, तोच ऊस तोडून तहानलेल्या जनावरांपुढे टाकावा लागला. छावणी ही आपत्तीतील मदत आहे आणि ती दिलीच पाहिजे. परंतु छावणीची पाळी येऊ नये म्हणून करावयाच्या चारा-संशोधनावर छावण्यांवरील खर्चाचा लहानसा अंश जरी दरवर्षी नियमाने लागला असता, तरी चित्र वेगळे दिसले असते.

ज्याचा आवाज मोठा त्याचा प्रश्न मोठा

महाराष्ट्रात केंद्र सरकारच्या अनेक संशोधन संस्था आहेत. कापसासाठी व लिंबूवर्गीय फळांसाठी नागपूर, द्राक्षासाठी पुणे, कांदा-लसणासाठी राजगुरुनगर, डाळिंबासाठी सोलापूर. उसासाठी पाडेगावचे जुने केंद्र आहे आणि साखर कारखान्यांच्या सहकारातून उभी राहिलेली संस्थाही आहे. या सर्वांनी शेतकऱ्यांचे हित साधले आहे, आणि ती नसावीत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु या पिकांचे उत्पादक संघटित आहेत. ते प्रश्न मांडू शकतात, निवेदन देऊ शकतात, प्रसंगी स्वतःचा पैसाही घालू शकतात. ही त्यांची शक्ती आहे आणि त्यांनी ती योग्य रीतीने वापरली.

आता शेळीपालकाकडे पाहावे. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रातील शेळ्यांची संख्या एक कोटीहून अधिक भरली. धाराशिव-लातूरची उस्मानाबादी, संगमनेर-अकोल्याकडची संगमनेरी, कोकणातील कन्याळ, विदर्भातील बेरारी अशा आपल्या स्वतःच्या जाती आहेत. उस्मानाबादी शेळी जुळी करडे देण्याविषयी प्रसिद्ध आहे. परंतु देशाची शेळी संशोधन संस्था मथुरेजवळ मखदूम येथे, मेंढीची राजस्थानात अविकानगर येथे आणि चाऱ्याची झाशी येथे. समन्वित योजनांमधून काही काम आपल्याकडेही चालते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणून दाखविला, हे तर अभिमानास्पद कार्य आहे. तथापि शेळ्यामेंढ्यांची संख्या आणि त्यांच्यावर विसंबून असलेल्या कुटुंबांची स्थिती पाहता हे प्रयत्न अपुरेच म्हटले पाहिजेत. शेळी बहुधा घरातील बाईच्या हाती असते. भूमिहीन कुटुंबाची ती बँक असते. या बाईचा संघ नाही, निवेदन नाही, सभेत जागा नाही. म्हणूनच सरकारी संशोधनाने तिचा प्रश्न आपण होऊन शोधला पाहिजे. ज्याच्यापाशी पैसा आणि आवाज आहे त्याचे संशोधन उद्या खाजगी कंपन्याही करतील. ज्याच्यापाशी दोन्ही नाहीत त्याचे संशोधन सरकारने केले नाही तर कोणीच करणार नाही. सरकारी संशोधनाच्या अग्रक्रमाची पहिली कसोटी हीच असावी.

अग्रक्रम कसे असावेत

यावर कोणी म्हणेल की, पैसा मर्यादित आहे, सर्वांस सर्व देता येणार नाही. हे खरेच आहे, आणि म्हणूनच अग्रक्रम ठरवावा लागतो. मात्र हा खर्च वाया जाणारा नव्हे. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या आर्थिक पाहणीत कृषी संशोधन व शिक्षणावर खर्चिलेल्या एका रुपयापासून 13 रुपये 85 पैशांचा लाभ होतो, असे नमूद केले आहे. इतके पीक देणारी दुसरी जमीन सापडणे कठीण.

पहिली गोष्ट, कोरडवाहू पिकांच्या वाणांची पारख करताना दाणा आणि वैरण यांचा एकत्र हिशेब व्हावा. केवळ कडब्याचे वजन नव्हे, तर त्याची पचनीयताही पाहावी. ज्वारीत जे सुरू झाले ते बाजरी, मका, तूर आणि भुईमूग यांतही व्हावे, कारण तुरीचा भुसा आणि भुईमुगाचा पाला हीदेखील शेतकऱ्याच्या घरी तोलामोलाची वैरण आहे.

दुसरी गोष्ट, चाचण्यांचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या शेतावर, हलक्या जमिनीत आणि पावसाच्या भरवशावर घ्यावा. संशोधन केंद्राची जमीन भारी, कुंपण पक्के आणि मजूर वेळेवर मिळणारे. तेथील एकरी उत्पादन माळरानावरील शेतकऱ्यास खोटे वाटते. वाईट पावसाच्या वर्षाचा निकाल बाजूस ठेवू नये. कोरडवाहू शेतकऱ्यास वाणाची खरी ओळख त्याच वर्षी पटते.

तिसरी गोष्ट, शेळ्यामेंढ्यांच्या बाबतीत करडांची मरतूक, जातिवंत बोकडांचा पुरवठा आणि पीपीआरसारख्या साथींचे नियंत्रण या तीन प्रश्नांना अग्रस्थान द्यावे. पीपीआरची लस मुक्तेश्वर येथेच तयार झालेली आहे. ती वेळेवर व थंड अवस्थेत वाडीपर्यंत कशी पोचवावी, हा आता खरा प्रश्न आहे. या वाटचालीचा अभ्यास हेही संशोधनच होय.

चौथी गोष्ट, देशी गोवंशाविषयी भावनेने नव्हे तर मोजमापाने निर्णय व्हावेत. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ यांच्यात उष्णता सहन करण्याचा, कमी वैरणीवर तग धरण्याचा आणि काटकपणाचा गुण आहे. डांगी जनावर सह्याद्रीच्या मुसळधार पावसात उभे राहते. परंतु ट्रॅक्टरच्या काळात केवळ ओढकामासाठी जात टिकणार नाही. शेतकऱ्यास ती पाळणे परवडावे यासाठी निवड पद्धतीने दूध किती वाढू शकते, याचे प्रामाणिक आकडे शेतकऱ्यापुढे आले पाहिजेत. ते अनुकूल असोत वा प्रतिकूल.

पाचवी गोष्ट, जे प्रयोग फसले त्यांचीही नोंद प्रसिद्ध व्हावी. फसलेला प्रयोग लपविला म्हणजे तोच प्रयोग दुसऱ्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या खर्चाने पुन्हा फसतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे स्थान

अग्रक्रम ठरविण्याची व्यवस्था कागदावर आहे. हवामानाप्रमाणे राज्याचे नऊ विभाग पाडलेले आहेत. प्रत्येक विभागास संशोधन केंद्र आहे, संशोधन व विस्तार यांच्या सल्लागार समित्या आहेत आणि कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक दरवर्षी भरते. या साखळीची शेवटची कडी गावात काम करणारा कार्यकर्ता ही आहे, आणि बहुधा तीच सैल राहते. विस्ताराचे काम म्हणजे वरून आलेली शिफारस खाली पोचविणे, अशी समजूत रूढ झाली आहे. वास्तविक ते दुहेरी वाहतुकीचे काम आहे. वरून शिफारस यावी आणि खालून प्रश्न जावा. परतीची गाडी रिकामी जाऊ लागली म्हणजे वरून काय पाठवावे हेही पुढे कळेनासे होते.

त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक कार्यकर्त्याने एक साधी प्रश्नवही ठेवावी. शेतकऱ्याने विचारलेला, आणि ज्याचे उत्तर शिफारशीत सापडले नाही असा प्रत्येक प्रश्न तीत तारीख, गाव, जमीन व पीक यांसह लिहावा. शेळ्या राखणाऱ्या बाईचा प्रश्नही त्याच वहीत, त्याच शाईने लिहावा. हंगामाच्या शेवटी वारंवार आलेले तीन प्रश्न निवडून ते वरिष्ठांकडे आणि विभागीय केंद्राकडे पाठवावेत. पीक कापणी प्रयोगाच्या वेळी दाण्याबरोबर कडब्याच्या पेंढ्यांचेही वजन करून ते स्वतंत्र नोंदवावे. वजनकाटा शेतात आलेलाच असतो. काम केवळ घटकाभराचे आहे. पशुसंवर्धन खात्याच्या सहकाऱ्यास महिन्यातून एकदा बरोबर घेऊन एकाच घराचे शेत आणि गोठा दोघांनी मिळून पाहावा. खात्यांमधील भिंत मुंबईत पडेल तेव्हा पडो. गावात तरी ती ओलांडता येण्याजोगी आहे.

शेतकरी बंधुभगिनींनीही आपले कर्तव्य ओळखावे. शिवारफेरीत किंवा मेळाव्यात केवळ बियाण्याची पिशवी मिळेल का, एवढेच न विचारता या वाणाचा कडबा जनावर खाते का, हलक्या रानात तो किती येतो, वाईट वर्षी त्याचे काय झाले, हेही विचारावे. उत्तर मिळाले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे. एकच प्रश्न शंभर गावांतून तीन वर्षे विचारला गेला, तर कोणतीही समिती तो टाळू शकणार नाही.

मालदांडीचे बी शेतकऱ्याच्या शेतातूनच मोहोळच्या केंद्रावर गेले होते. तेथे ते पारखले गेले आणि परत आले. नव्वद वर्षांच्या आसपास त्याने माणसांना भाकरी आणि जनावरांना कडबा दिला. शेतकऱ्याचा प्रश्नही तसाच वर जावा, पारखला जावा आणि उत्तर होऊन परत यावा. येत्या माघात गंजी रचताना पोती किती झाली आणि शेकडे किती निघाले, हे दोन्ही आकडे एकाच वहीत शेजारी शेजारी लिहिले गेले, तर अग्रक्रम बदलण्यास तेथूनच आरंभ होईल.